लार्चचा बोन्साय : झाडाआधी डोंगर निवडावा

बोन्सायच्या जगात सूचिपर्णी वृक्षांना मोठा मान आहे. त्यांत पाइन, जुनिपर, स्प्रूस ही झाडे वर्षभर हिरवी राहतात. लार्च मात्र शरद ऋतूत सोन्यासारखा पिवळा होतो, सगळी पाने गाळतो, हिवाळाभर उघड्या फांद्यांनिशी उभा राहतो आणि वसंतात फांदीवरच्या प्रत्येक गाठीतून कोवळ्या सुयांचा हिरवा झुबका बाहेर काढतो. जपानी भाषेत त्याला ‘कारामात्सु’ म्हणतात. हे नाव ज्या चिन्हांनी लिहिले जाते त्यांतील एका प्रकाराचा शब्दशः अर्थ ‘पान गाळणारा पाइन’ असा होतो. चार ऋतूंत चार रूपे दाखवणारे आणि लवचिक फांद्यांमुळे तारेला सहज वळणारे झाड हौशी माणसाला हवेसे वाटावे, यात नवल नाही.

हौस रास्तच आहे; प्रश्न आहे तो निर्णयाच्या क्रमाचा. आधी रूप पाहिले जाते, मग जात, मग कुंडी, आणि हवामान व कीड यांचा विचार झाड सुकू लागल्यावर होतो. हा क्रम नेमका उलटा असावयास हवा. भारतात लार्चचा बोन्साय करायचाच असेल, तर तो पूर्व हिमालयात, तेथील मूळ लार्चच्या बियांपासून आणि त्या झाडाच्या स्वाभाविक उंचीवरच करावा. परदेशातून जिवंत रोप आणू नये, आणि डोंगरावर वाढवलेले रोप मैदानातील गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नये. रोपवाटिकाधारकांना सल्ला देणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांनी ही भूमिका स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे.

प्रथम हवामानाचा विचार करू. लार्च थंडी सोसतो एवढेच म्हणणे अपुरे आहे. थंडी ही त्याची गरजच आहे. दिवस लहान होऊ लागले की झाड सुप्तावस्थेकडे वळते, आणि त्या अवस्थेतून नीट बाहेर येण्यासाठी त्याला कित्येक आठवड्यांचा सलग गारठा लागतो. तो मिळाला नाही तर वसंतात डोळे उशिरा आणि अर्धवट फुटतात. साठवलेल्या अन्नावर झाड एखादे वर्ष तग धरते, त्यामुळे मालकाला रोप रुळल्याचा भास होतो. पुढच्या एखाद्या उन्हाळ्यात ते अचानक जाते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठल्याची बातमी येते खरी, पण लार्चच्या लेखी तो हिवाळा नव्हे. काही हौशी मंडळी थंड प्रदेशातील बोन्साय हिवाळ्यात फ्रीजमध्ये ठेवतात. त्याने गारठ्याची सोय एक वेळ होईल. पण एप्रिल-मेच्या उष्ण रात्रींवर तो उपाय नाही. रात्रभर श्वसनात अन्न खर्च करणारे झाड दिवसा तितके कमावू शकत नाही, आणि उथळ कुंडीत तापलेल्या मुळांची अवस्था आणखी बिकट होते.

जातींमध्ये बोन्सायसाठी तीन प्रामुख्याने वापरल्या जातात. जपानी लार्च मध्य होन्शूच्या डोंगरांतला. त्याच्या कोवळ्या डहाळ्या तांबूस असतात आणि शंकूंचे खवले बाहेरच्या बाजूस वळल्यामुळे शंकू उमललेल्या लहान गुलाबासारखा दिसतो. आल्प्स आणि कार्पेथियन पर्वतांतील युरोपीय लार्चच्या डहाळ्या गवताच्या काडीसारख्या फिकट पिवळ्या, आणि शंकूचे खवले सरळ उभे. स्कॉटलंडमधील डन्केल्ड येथे या दोघांचा आपोआप संकर झाला, आणि तो संकर वाढीला दोघांहून जोमदार निघाला. वनशेतीत ती जमेची बाजू असली तरी कुंडीत तोच जोम आवरावा लागतो. तिसरा अमेरिकेचा टॅमरॅक. तो उत्तरेकडील दलदलीच्या जमिनीत वाढतो. त्याचे शंकू जेमतेम एक ते दोन सेंटिमीटरचे असतात. लहान झाडावर प्रमाणबद्ध दिसण्याच्या दृष्टीने इतर दोन्ही जाती त्याच्यापुढे फिक्या पडतात.

चौथा लार्च आपला आहे. पूर्व नेपाळपासून सिक्कीम, भूतान आणि अरुणाचल प्रदेशापर्यंत साधारण २४०० ते ३६०० मीटर उंचीच्या पट्ट्यात तो आढळतो. विल्यम ग्रिफिथ १८३७-३८ साली भूतानच्या मोहिमेवर गेला होता; पुढे सिक्कीममध्ये भ्रमंती करणाऱ्या जोसेफ हूकरने या वृक्षाला ग्रिफिथचे नाव दिले. उत्तर सिक्कीममध्ये लाचुंगच्या खोऱ्यात तो पाहावयास मिळतो. त्याचे शंकू सात ते अकरा सेंटिमीटर लांब, म्हणजे लार्चांमध्ये थोराड, आणि खवल्यांमधून बाहेर डोकावणाऱ्या टोकदार सहपत्रांमुळे लगेच ओळखू येणारे. फांद्या खाली लोंबतात. जपानी पद्धतीच्या ताठ शैलीची सवय झालेल्या नजरेला हा दोष वाटेल; परंतु कड्यावरून झुकलेल्या झाडाचे रूप घडवायचे असेल तर हाच त्याचा गुण ठरावा. पश्चिम हिमालयात मूळचा लार्च नाही. तेथील देवदाराच्या जुन्या डहाळ्यांवर सुया अशाच झुबक्यांनी येतात, त्यामुळे फसगत होऊ शकते. जानेवारीत पाहिले की शंका राहत नाही. देवदार तेव्हाही हिरवा असतो.

लार्च निवडण्यासाठीही हिवाळ्याचेच दिवस उत्तम. उन्हाळ्यातील हिरव्यागार झाडात खोडाचे दोष झाकले जातात. पानगळीनंतर झाड काहीही लपवू शकत नाही. मुळे बुंध्याभोवती सर्व बाजूंनी पसरलेली असावीत, खोड वर जाताना हळूहळू निमुळते व्हावे, पहिली फांदी शक्य तितकी खाली असावी आणि डोळ्यांमधील अंतर कमी असावे. उंची पाहून भुलू नये, कारण उंची कापता येते, बुंध्याची जाडी विकत मिळत नाही. नखाने साल किंचित खरवडली असता आत हिरवट, ओलसर थर दिसला पाहिजे.

यानंतरची पाहणी कीटकशास्त्राची, आणि नेमकी तीच वगळली जाते. हातभिंग घेऊन आखूड गाठींच्या बुडाशी पाहावे. तेथे चारपाच मिलिमीटर लांबीच्या, वाळक्या गवताच्या रंगाच्या नळ्या चिकटलेल्या दिसल्या, तर त्या केसबेअरर नावाच्या इवल्या पतंगाच्या अळ्या होत. ही अळी पानाच्या सुईत शिरून ती आतून पोखरते, मग त्याच पोकळ सुईचा तुकडा कापून अंगरख्यासारखा पांघरते आणि त्यातच हिवाळा काढते. वसंतात डोळे फुटताच तिचे खाणे पुन्हा सुरू होते. सालीच्या भेगांत पांढरे मेणकट ठिपके असतील तर ॲडेल्जिडचा संशय घ्यावा. ही माव्याच्या नात्यातली कीड आहे. उसावरील लोकरी माव्याने २००२ साली महाराष्ट्रात घातलेला धुमाकूळ ज्यांनी पाहिला, त्यांना पांढऱ्या लोकरीखाली दडलेल्या किडीवर फवारा पोहोचत नाही हे वेगळे सांगावयास नको. मुळांशी पांढरे काही दिसल्यास मात्र लगेच घाबरू नये. लार्चच्या मुळांशी सुइलस कुळातील बुरशीचे सहजीवन असते. तिचे धागे नाजूक जाळीसारखे पसरतात आणि त्यांना अळंबीचा वास येतो. ही बुरशी झाडाची मित्र आहे, म्हणून कुंडी बदलताना जुन्या मातीचा थोडा अंश राखावा. याउलट, मातीत मेणचट भुकटीचे सुटे पुंजके आणि त्यांत संथ हलणारे फिकट किडे दिसले, तर तो मुळांवरील पिठ्या ढेकूण. परदेशांतून आलेल्या बोन्सायच्या कुंड्यांमध्ये तो युरोपात वारंवार पकडला गेला आहे.

लागवडीचे तंत्र तुलनेने सोपे आहे. वेळापत्रक मात्र कडक. रोप सुरुवातीपासून कुंडीत ठेवले तर खोड जाड होत नाही. म्हणून पहिली पाचसात वर्षे ते वाफ्यात मोकळे वाढू द्यावे, मधूनमधून शेंडा कापावा आणि मुळे खाली सरळ न जाता आडवी पसरतील असे पाहावे. मुळांची छाटणी व कुंडी बदलणे वसंताच्या आरंभी, डोळे फुगून त्यांच्या टोकाला हिरवी रेघ दिसू लागली की करावे. तो आठवडा चुकला आणि सुया उलगडल्या, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबणे श्रेयस्कर. माती पाण्याचा झपाट्याने निचरा करणारी आणि किंचित आम्लधर्मी असावी. ऊन भरपूर हवे, आणि उन्हाळ्यात पाण्यात हयगय नको. लार्च एकदा सुकला की सुया टोकाकडून तांबूस होतात व तो डाग हंगामभर राहतो. फांद्यांना तार पानगळीच्या काळात बांधावी, पण वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला पाहत राहावे, कारण फांदी झपाट्याने जाड होते आणि तार सालीत रुतते. फांदी कापताना तिच्यावर निदान एक जिवंत डोळा ठेवावा. शंकू देखणे दिसतात, तरीही लहान झाडावर त्यांचा फार भार ठेवू नये. शंकूंनी लगडलेली फांदी क्षीण होते आणि कधीकधी वाळून जाते.

लार्चची किडींशी असलेली झुंज हा कीटकशास्त्राच्या इतिहासातील एक देखणा अध्याय आहे. स्वित्झर्लंडच्या एंगाडिन खोऱ्यात लार्च बडमॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्या साधारण आठ ते दहा वर्षांनी संपूर्ण उतारांवरची पाने फस्त करीत आल्या. ज्या वर्षी पाने जातात त्या वर्षी लाकडातील वार्षिक वलय बारीक पडते. अशा वलयांवरून शास्त्रज्ञांनी हे चक्र सुमारे १२०० वर्षे मागे नेऊन दाखविले. विसाव्या शतकाच्या अखेरीस, हवामान उबदार होत गेल्यावर, हे चक्र विस्कटले. विशेष असे की, इतक्या हल्ल्यांनंतरही ती जंगले टिकली. पाइनची सुई काही वर्षे टिकावी म्हणून घडवलेली असते, ती गेली की पाइनचे मोठे नुकसान होते. लार्च दरवर्षीच पाने टाकत असल्याने सुईवर कमी खर्च करतो आणि पाने खाल्ली गेली तर त्याच उन्हाळ्यात पुन्हा फुटतो. बोन्सायचा कारागीर ज्या गुणावर विसंबून निर्धास्त छाटणी करतो, तो गुण किडींशी हजारो वर्षे झालेल्या व्यवहारातून आला असावा. मात्र डोंगरावरच्या वृक्षाजवळ मुळांचा मोठा साठा असतो, कुंडीतल्या झाडाजवळ तो नसतो. लागोपाठ दोन वर्षे पाने गेली तर कुंडीतला लार्च सहसा वाचत नाही.

हे जुने नाते ज्या जागी घडले त्या जागेबाहेर कीड गेली की चित्र बदलते. केसबेअरर मूळचा युरोपातला. १८८६ साली तो अमेरिकेत मॅसेच्युसेट्समध्ये आढळला, तोही तेथे लावलेल्या युरोपीय लार्चवर. पुढे तो टॅमरॅकवर पसरला आणि १९५७ मध्ये थेट आयडाहोच्या पश्चिमी लार्चच्या जंगलांत दिसला. त्याला आवर घालण्यासाठी युरोपातून त्याचे परोपजीवी कीटक आणून सोडावे लागले. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरला दिसला आणि त्याच्यासाठी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून परोपजीवी मित्रकीटक मागवावे लागले, त्याच जातीची ही कथा. दोन्ही ठिकाणी उपाय सापडला. पण तोवर गेलेला काळ आणि पैसा परत आला नाही.

बोन्सायच्या व्यापाराने तर अशा प्रवाशांना जणू पालखीच दिली आहे. लिंबूवर्गीय लांबशिंगी भुंगेऱ्याची अळी खोडाच्या बुडाशी, सालीखाली एक-दोन वर्षे राहते; बाहेरून झाड निरोगी दिसते. इटलीत मिलानजवळच्या पाराबियागो येथे २००० साली हा भुंगेरा आढळला आणि त्याचा संबंध बोन्सायच्या आयातीशी जोडला गेला. २००१ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात टकविला येथे कोरियाहून आलेल्या मेपलच्या बोन्सायमधून काही भुंगेरे निसटले. ते पसरू नयेत म्हणून आसपासची सुमारे हजार झाडे तोडावी लागली. हा भुंगेरा लार्चवरचा नव्हे. परंतु बोन्साय मिश्र खेपांमधून येतात, आणि संत्रा-मोसंबी त्याच्या आवडीच्या झाडांत मोडतात. ईशान्य भारतातील बागायतदार त्याच्याच एका सग्यामुळे, खासी संत्र्याच्या खोडकिड्यामुळे, आधीच हैराण आहेत. विदर्भातील संत्राबागांना आणखी एक असा पाहुणा परवडणार नाही.

याहून थेट धोका कीटकाचा नसून बुरशीसदृश रोगकारकाचा आहे. फायटोप्थोरा रॅमोरम २००९ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात जपानी लार्चवर आढळला आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये लार्चची लक्षावधी झाडे तोडली गेली. युरोपात तो प्रामुख्याने शोभेच्या रोपांच्या व्यापारातून, विशेषतः ऱ्होडोडेंड्रॉनच्या रोपांवरून फिरला. आता लाचुंगच्या खोऱ्याकडे पुन्हा पाहावे. तेथे लार्च आणि ऱ्होडोडेंड्रॉन एकाच उतारावर शेजारी वाढतात. यमथांगला ऱ्होडोडेंड्रॉनसाठी राखलेले शिंगबा अभयारण्य आहे. दमट, थंड, धुक्याचे हवामान या रोगाला अनुकूल असते. अशा ठिकाणच्या रोपवाटिकेत जपानी लार्चचे रोगट रोप एकदा पोहोचले, तर नुकसान त्या रोपवाटिकेपुरते थांबेल असे मानण्यास काहीही आधार नाही.

‘एका रोपाने काय होणार आहे?’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो प्रामाणिकही असतो. त्याला उत्तर वरच्या घटनांतच आहे : त्यांची सुरुवात एखाद्या वनक्षेत्रातून झालेली नव्हती. कायदाही याच दृष्टीने केलेला आहे. भारताच्या वनस्पती क्वारंटाइन आदेश, २००३ नुसार लागवडीची सामग्री परवान्याशिवाय आणता येत नाही आणि मातीसह रोप आणण्यास मज्जाव आहे. मातीवाचून बोन्सायची मुळे जगविणे अवघड, म्हणून पळवाट शोधली जाते. सामानात लपवून आणलेल्या कुंडीचे कौतुक करणारी मंडळी प्रदर्शनांतून भेटतात. ते कौतुक थांबले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डोंगरी शेतकऱ्याला पूरक उत्पन्न हवे. त्याला परदेशी जातींचा तयार बाजार नाकारायचा का? नाकारावा, कारण त्याच्या हाती दुसऱ्या कोणापाशी नसलेली जात आहे. परंतु हा झटपट पैशाचा धंदा म्हणून कोणी पुढे करू नये. विकण्याजोगे खोड तयार होण्यास आठदहा वर्षे लागतात. म्हणून लार्चचा वाफा हा इतर रोपांच्या कामाला जोडून चालणारा वाफा असावा. सिक्कीम हे २०१६ पासून घोषित सेंद्रिय राज्य असल्याने रासायनिक कीटकनाशकांचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. मऊ ब्रश, साबणाचे पाणी, हातभिंग आणि हिवाळ्यातील दोन सकाळी एवढ्यावर हाताने उचलता येणाऱ्या झाडाची कीड आवरता येते. शेतातल्या पिकाबद्दल असे म्हणता आले असते तर किती बरे झाले असते.

मैदानी प्रदेशातील बोन्सायप्रेमींनी मन खट्टू करण्याचे कारण नाही. पाने गाळणारे सूचिपर्णी झाडच हवे असेल तर दक्षिण अमेरिकी संस्थानांच्या दलदलींतील बाल्ड सायप्रस उष्मा पुष्कळ सोसतो. सूचिपर्णी वृक्षाचा आभास पुरेसा असेल तर कोकण किनाऱ्यावरचा सुरू आहेच. इंडोनेशिया आणि तैवानमध्ये त्याचे उत्तम बोन्साय घडविले जातात. वड, उंबर आणि चिंच यांची शिफारस तर करावयासच नको.

ज्यांना सिक्कीम किंवा अरुणाचलमध्ये हे काम आरंभावयाचे आहे, त्यांनी जंगलातील जुनी खुरटलेली झाडे उपटण्याचा मोह टाळावा; अभयारण्यातून ती काढणे हा गुन्हा आहे, आणि अशा झाडांची खोल गेलेली मुळे तोडल्यावर बरीचशी मरतात. वनखात्याच्या अनुमतीने शरदात पिकलेले, पण अद्याप न उघडलेले शंकू गोळा करावेत व उबदार कोरड्या जागी पसरून ठेवावेत. ते आपोआप उघडून पंखधारी बी सोडतात. लार्चच्या बियांत पोकळ बी बरेच असते, तेव्हा हवी तितकी रोपे मिळण्यासाठी बी सढळ हाताने घ्यावे. ते ओलसर वाळूत मिसळून तीन ते सहा आठवडे थंडीत ठेवावे आणि बर्फ ओसरल्यावर हलक्या मातीच्या उंच वाफ्यात पातळ पेरावे. दाट पेरणी आणि साचलेले पाणी यांमुळे रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. पहिल्या उन्हाळ्यात रोपांचा सर्वांत मोठा नाश याच कारणाने होतो. मातीत मुरवण्यासाठी जवळच्या लार्चखालची ओंजळभर माती, त्याच खोऱ्यातली, वाफ्यात मिसळली की पुरे.